बापसाच्या छातीवर

नमस्कार, श्रोतेहो. तीस वर्षं मी आरोग्यसेविका म्हणून खाडीकाठच्या वाड्या पालथ्या घातल्या. आज कोवळ्या वयातल्या आया आणि त्यांची तान्ही बाळं यांच्याबद्दल बोलायचंय. पण आधी आषाढातली एक रात्र सांगते.

दाभोळ खाडीच्या काठची वाडी. मुलीला 18 पूर्ण होऊन दोनच महिने झालेले. म्हणजे लग्न त्याआधीचं. तो गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी मांडवात कुणी तोंड उघडलं नाही. मीही उशिराच कळून गप्प राहिले, ते मला आजही लागतं. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, वजन 1 किलो 900 ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं. लक्षात ठेवा, अडीच किलो. घरच्यांनी हट्टाने दोन दिवसांत ते घरी आणलं.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आशाताईचा फोन आला, "बाळ दूध ओढत नाही." मी पोचले आणि मागे रस्त्यावर दरड आली.

बाळ सुपात, दुपट्यात गुंडाळलेलं, बाजूला शेगडी, खोलीभर धूर. पाय धरले तर गार. पोटावर हात ठेवला, तेही गार. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उघड्या छातीशी लावा, दूध पिळून वाटी-चमच्याने द्या, रस्ता मोकळा झाला की त्याच अवस्थेत घेऊन या.

शेगडी बाहेर काढली. बाळाला टोपडं आणि लंगोट एवढंच ठेवून आईच्या छातीवर उभं धरलं, वरून लुगडं बांधलं. पण त्या पोरीच्या अंगात रक्तच नव्हतं. दोन तासांत बसल्या जागी तिची मान पडायला लागली.

मासेमारी बंदीचे दिवस होते, 1 जून ते 31 जुलै, म्हणून नवरा घरात होता. ओटीवर गुडघ्यात डोकं घालून बसलेला. त्याला आत बोलावलं नि म्हटलं, शर्ट काढ. सासू दचकली, "बाय माजे, बापूस कधी पोराला असा धरता?" धरतो. धरलंच पाहिजे. भिंतीला टेकून तो बसला, जाळं ओढून घट्टे पडलेले ते हात थरथरत होते. रात्रभर हलला नाही. पहाटे बाळाचे पाय कोमट झाले, तोंड इकडेतिकडे शोधायला लागलं. आईकडे दिलं, आणि त्याने ओढलं! सासू देवासमोर जाऊन नुसती उभी राहिली. दरड उपसल्यावर बाळ दवाखान्यात गेलं, तेही बापसाच्या छातीवरूनच.

कोलंबियात, बोगोटा शहरात, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून 1978 साली डॉक्टरांनी हीच रीत सुरू केली. कांगारू माता पद्धत म्हणतात तिला. मला त्यातलं 'माता' एकटं खटकतं. बापाचं अंगही तेवढंच ऊबदार असतं.

बाळ असं अशक्त का होतं? कोवळ्या पोरीचं स्वतःचं अंग अजून वाढत असतं. तिच्या हाडांना हवं, रक्ताला हवं, त्यातून बाळाचा वाटा काढायचा. म्हणून लोहाच्या गोळ्या, निदान 180 दिवस. चहाबरोबर नको, चहा लोह अंगाला लागू देत नाही. आणि चहाचं निघालंच आहे तर बोलते: आपल्या घरांतून सकाळची नाचणीची पेज गेली आणि बशीभर चहा-बटर आलं, हे फार वाईट झालं. असो. चिकाचं दूध टाकू नका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. फक्त आईचं दूध. आणि बाळ गार लागलं किंवा ओढेनासं झालं, तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा.

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. त्या घरी 42 व्या दिवशी मीही गेले. बापूस बोटीवर गेला होता. काट्यावर वजन 2 किलो 700. मी पिशवी उचलली तशी ती पोर दारापर्यंत आली, सासूकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाई, दुसरा एवढ्यात नको. काय करायचा?"

मी पिशवी खाली ठेवली. सासूने ओटीवर पाट मांडला, आणि आमच्याबरोबर तीही ऐकायला बसली.