नौली, पारा आणि एक्स-रे

या जुन्या त्रैमासिकातल्या फोटोंमधलं हे पोट बघा. मधले दोन स्नायू दोरखंडासारखे वर आलेत, आता डावीकडे गेले, आता उजवीकडे. ही नौली. जुने हठयोगी पाण्यात बसून हे करायचे आणि पाणी खालून आपसूक आतड्यात चढायचं, त्याला बस्ती म्हणतात. पण चढतं कसं? कोणी वायूचं नाव घ्यायचं, कोणी सिद्धीचं.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांचं एवढ्यावर भागेना. माणूस मुळात व्यायामातला, बडोद्याला माणिकरावांकडे तयार झालेला, नंतर नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे योग शिकला. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात थेट एक्स-रे मशीनच गाठलं, आणि पाऱ्याच्या दाबमापकाने आतड्यातला दाबही मोजला. नौली धरली की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, पोकळी तयार होते, मग पाणी वर जाणारच, स्ट्रॉने सरबत ओढतो ना तसंच! त्या पोकळीला नाव दिलं माधवदास व्हॅक्यूम. अर्धं नाव गुरूचं, अर्धं फिजिक्सचं, मला तर हेच सगळ्यात आवडलं.

१९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी हे त्रैमासिक, योगमीमांसा. पानं उलटा, इकडे आसनाचा फोटो, तिकडे प्रयोगाचे आकडे. प्राणायामाने जादा ऑक्सिजन मिळतो असं आजही बागेत सकाळी ऐकू येतं, यांनी तेव्हाच मोजून सांगितलं की फायदा असेल तो दुसरीकडे शोधा, ऑक्सिजनात नाही.

मग येल युनिव्हर्सिटीतून बेहनन नावाचे मानसशास्त्राचे संशोधक आले, इथे शिकले, परत जाऊन स्वतःच्याच श्वासावर प्रयोग केले. १९५७ ला अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे संशोधक मशिनं घेऊन भारतभर फिरले, लोणावळ्यालाही आले. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांना त्यांनी तारा लावल्या. मनगटाची नाडी लागेना, स्टेथोस्कोपमध्येही धड आवाज येईना, पण ईसीजीची सुई चालूच! श्वास कोंडून छातीत दाब वाढवला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, म्हणून नाडी गायब, हृदय काही थांबलेलं नव्हतं. चमत्कार गेला, पण शरीरावरचा ताबा खराच की.

पुढे योगाचं कॉलेज, हॉस्पिटल वगैरे झालं.

आता ही एक्स-रे प्लेट जरा उजेडात धरूया. उड्डियान बंध, म्हणजे श्वास सोडून पोट आत-वर ओढलेलं. फासळ्यांखालचं श्वासपटल किती वर सरकलंय बघा.