1 एप्रिल 1328: मुलगी झाली

मित्रहो,

पुरंदरावरचं ते बाळंतपण आपल्याला ठाऊक आहे. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना गडावर नेऊन जपलं आणि सगळी दौलत दिवस मोजत बसली. 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि राघोबादादांच्या दाव्यातलं बळच गेलं.

आज मी असंच एक बाळंतपण सांगणार आहे, त्याच्या जवळजवळ साडेचारशे वर्षं आधीचं, फ्रान्सच्या राजघराण्यातलं. 1 फेब्रुवारी 1328 ला पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनला राजा चौथा शार्ल वारला. राणी झान देव्रो गरोदर होती. सरदारांनी ठरवलं की थांबायचं. मुलगा झाला तर तो जन्मापासूनच राजा. तोवर राजाचा चुलतभाऊ, वाल्वाचा फिलिप, कारभार बघेल. बरोबर दोन महिने फ्रान्स थांबला. 1 एप्रिलला मुलगी झाली. तिचं नाव ब्लांश ठेवलं आणि 29 मे रोजी रॅंसच्या कॅथेड्रलमध्ये फिलिपला राज्याभिषेक झाला.

इथे कापे घराण्याची थेट शाखा संपली असं पुस्तकं सांगतात. ह्या घराण्याचं नशीब असं होतं की इतिहासकार त्याला चमत्कार म्हणतात. 987 मध्ये ह्यूग कापे गादीवर आला. तिथपासून 1316 पर्यंत ओळीने बारा राजे झाले आणि प्रत्येकाच्या मागे मुलगा होता. सातव्या लुईला तर तिसऱ्या लग्नापर्यंत वाट बघावी लागली; 1165 मध्ये मुलगा झाला तेव्हा लोक त्याला ‘देवदत्त’ म्हणाले. सुरुवातीचे राजे एवढे सावध होते की स्वतः हयात असतानाच मुलाला राज्याभिषेक करून ठेवत.

आणि मग चौदा वर्षांत सगळं आटोपलं. 1314 मध्ये चौथा फिलिप गेला. त्यानेच टेम्पलर ह्या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या प्रमुखाला जाळलं होतं, म्हणून शापाची गोष्ट सांगतात. मला त्या शापात रस नाही. मला रस आहे तो एका आकड्यात. फिलिपचे तीन मुलगे एकामागून एक राजे झाले आणि तिघांच्याही मागे जगणारा मुलगा उरला नाही. पण मुली? थोरल्याची एक, मधल्याच्या चार, धाकट्याची मारी आणि नुकती जन्मलेली ब्लांश. सात जित्याजागत्या मुली असलेल्या घराण्याला आपण निर्वंश म्हणतो.

गाठ 1328 मध्ये दिसते, पण पडली ती 1316 मध्ये. थोरला, दहावा लुई, जूनमध्ये वारला. त्याची राणीही गरोदर होती. नोव्हेंबरात मुलगा झाला, पहिला जॉन. तो जेमतेम पाच दिवस जगला. आता उरली लुईची पहिल्या बायकोपासूनची मुलगी, झान, चार वर्षांची. तिच्या आईला व्यभिचाराच्या आरोपाखाली शातो गायार किल्ल्यात डांबलं होतं आणि ती तिथेच गेली होती. तेव्हा ही पोर राजाचीच कशावरून, अशी कुजबुज करणं सोपं होतं. काका, म्हणजे मधला फिलिप, कारभारी होता. त्याने 9 जानेवारी 1317 ला रॅंसला स्वतःला राज्याभिषेक करून घेतला, तोही शहराच्या वेशी बंद ठेवून. त्या समारंभाला आर्त्वाची काउंटेस माहो राज्याच्या मानकऱ्यांपैकी एक म्हणून हजर होती, स्वतःच्या हक्काने. जहागीर बाईला चालत होती, मानही चालत होता. महिन्याभरात पॅरिसला सभा भरली आणि फ्रान्सची गादी बाईला मिळत नाही असं ठरलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सॅलिक कायद्यामुळे, म्हणजे बाईला वारसा नाकारणाऱ्या एका जुन्या कायद्यामुळे, झानला डावललं असं आपण वाचतो. त्या सभेत त्या कायद्याचा आधार कोणी घेतलेला नव्हता. जुन्या पोथ्यांतून तो शोधून पुढे आणला गेला तो वाल्वा राजांच्या काळात, इंग्रजांना उत्तर द्यायला. आधी पुतणीला बाजूला सारलं, कायदा मागाहून आला. आणि हाच नियम पाच वर्षांत त्या काकाच्या घरावर आला: 1322 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या चारही मुली बाजूला राहिल्या आणि गादी धाकट्या शार्लकडे गेली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 1 एप्रिलला मुलगा झाला असता तर?

पहिला फरक इंग्लंडला पडला असता. तिथला राजा तिसरा एडवर्ड पंधरा वर्षांचा होता. त्याची आई इझाबेल ही शार्लची सख्खी बहीण. म्हणजे मेलेला राजा एडवर्डचा मामा आणि गादीवर बसलेला फिलिप लांबचा, चुलतमामा. जवळचा भाचा असताना लांबचा भाऊ का, हा एडवर्डचा मुद्दा. पाळण्यात मामेभाऊ असता तर हा मुद्दा तोंडातून काढायचीही सोय नव्हती.

म्हणून शंभर वर्षांचं युद्ध टळलं असतं असं लोक पटकन म्हणतात. मला ते पटत नाही. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनी ह्या सुभ्याचं भांडण 1259 च्या तहापासून चालू होतं. इंग्लंडचा राजा तिथे फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता आणि मांडलिकी त्याला सलत होती. ह्याच शार्लने 1324 मध्ये तिथे फौज घातली होती. शिवाय बाळ राजा झालं तरी कारभारी कोण? तोच वाल्वाचा फिलिप. राजा चौदा वर्षांचा व्हायला 1342 उजाडलं असतं, आणि गॅस्कनी जप्त करण्याचा हुकूम निघाला तो 1337 मध्ये. तो हुकूम फिलिपने बाळाच्या नावाने काढलाच असता असं मला वाटतं.

पण ते भांडण एका सुभ्याचं राहिलं असतं. 1340 च्या जानेवारीत एडवर्डने आजच्या बेल्जियममधल्या गेंटमध्ये स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवून घेतलं. तिथल्या विणकरांना इंग्लंडची लोकर हवी होती, पण त्यांनी शपथ वाहिली होती फ्रान्सच्या राजाला. एडवर्डच फ्रान्सचा राजा म्हटल्यावर शपथ मोडत नव्हती. म्हणजे ह्या दाव्याने माणसं जोडता येत होती. सुभ्यासाठीचं युद्ध सुभा देऊन-घेऊन मिटतं. गादीसाठीचं मिटत नाही. ते 1453 पर्यंत चाललं, आणि इंग्लंडच्या राजांनी ‘फ्रान्सचा राजा’ ही पदवी 1801 साली सोडली. 1420 चा त्र्वाचा तह, ज्यात इंग्रज राजाला फ्रान्सचा वारस नेमलं, तो ह्या दाव्याशिवाय लिहिता आला नसता. मग राजपुत्राला रॅंसला नेऊन अभिषेक करवणारी जोन ऑफ आर्कही कशाला गावाबाहेर पडली असती? ती पोर आपल्या घरी म्हातारी होऊन गेली असती, ह्या कल्पनेपाशी मी दर वेळी थांबतो.

तरीही मुलगा झाला असता तर, हा प्रश्न मला अर्धा वाटतो. कारण तो विचारताना आपण 1317 च्या सभेचं म्हणणं मान्य करून बसतो. खरा प्रश्न असा: चार वर्षांच्या झानला मोजलं असतं तर? फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या नाव्हार ह्या छोट्या राज्याची गादी तिच्या आजीने स्वतःच्या हक्काने भूषवली होती. म्हणजे तिच्या घरात हे नवं नव्हतं. थोरल्या मुलाची मुलगी गादीवर असती, तर मुलीच्या मुलाला, एडवर्डला, बोलायला जागाच नव्हती. झानला 1328 नंतर नाव्हार तेवढं परत मिळालं. पाम्पलोनाला तिचा राज्याभिषेक झाला आणि 1349 पर्यंत ती तिथली राणी होती. तिचा वंश बुडाला नाही. नाव्हारची गादी कधी मुलांकडून, कधी मुलींकडून जात झान दाल्ब्रेपर्यंत आली, आणि तिचा मुलगा चौथा आंरी 1589 मध्ये फ्रान्सचा राजा झाला. पुरुषांच्या वंशावळीत तो बूर्बों. आईकडून वर चढत गेलात तर त्या डावललेल्या पोरीपाशी पोचता.

शेवटी त्या दोन महिने वाट बघणाऱ्या राणीबद्दल. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात तिची प्रार्थनापोथी आहे. तळहातावर मावेल एवढी, जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच. झां प्युसेलने तिच्यात राखाडी छटांत चित्रं काढली आहेत. मेरीला देवदूत पुत्रजन्माची वार्ता देतो ते पान बघा. खालच्या अक्षराच्या पोटात एक इवलीशी बाई गुडघे टेकून पोथी वाचते आहे. ती ही राणी, झान देव्रोच. पुढच्या पानांत संत लुईचं आयुष्य येतं, जो तिचाही पणजोबा आणि नवऱ्याचाही. पोथी शार्लने तिच्यासाठी करवून घेतली होती. तो गेल्यावर ती त्रेचाळीस वर्षं विधवा म्हणून जगली, आणि 1371 मध्ये जाताना ती पोथी मृत्युपत्राने राजाला देऊन गेली, वाल्वाच्या पाचव्या शार्लला. ब्लांश 1393 पर्यंत जगली. तिला मूल झालं नाही.