निळ्या ढालीवरचा सोनेरी पट्टा

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एखाद्या नाइटचं, म्हणजे सरदाराचं घराणं कसं शोधून काढायचं.

तिथे चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम निघाला १५३८ मध्ये. त्याच्या मागे जायचं तर जमिनीचा माग धरायचा. राजाकडून थेट जमीन मिळालेला माणूस वारला की राजाचे अधिकारी तिथल्या लोकांना बोलवून शपथेवर विचारायचे, जमीन किती, वारस कोण, त्याचं वय काय. लक्षात ठेवा, जमीन किती, वारस कोण, वय काय. वारस सज्ञान झाला की नाही हे ठरवायला शेजारीपाजारी यायचे आणि सांगायचे, हो, ह्याचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी माझी मुलगी जन्मली म्हणून मला आठवतंय. (तुम्हीही घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहून ठेवा हो, आणि शिसपेन्सिलीने लिहा, पेनाची शाई पुढे उतरते, हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि सांगत राहणार.)

दुसरी खूण ढालीची. एकेका घराण्यात रिचर्ड, हेन्री, जेफ्री अशी तीच तीच नावं, मग माणूस ओळखायचा ढालीवरून, म्हणजे तिच्यावर रंगवलेल्या घराण्याच्या चिन्हावरून.

आणि ढाल म्हटली की मला सांगायचाच असतो तो हा किस्सा. १३८५ साल, राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला, आणि त्या मोहिमेत दोन सरदारांच्या लक्षात आलं की आपल्या दोघांची ढाल एकच, निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा. एक यॉर्कशायरमधल्या बोल्टनचा सर रिचर्ड स्क्रोप, आधी राजाचा चान्सलर, म्हणजे बडा मंत्री राहिलेला, दुसरा चेशायरचा सर रॉबर्ट ग्रोव्हनर. प्रकरण गेलं सरदारांच्या असल्या वादांसाठीच असलेल्या कोर्टात, आणि शेकडो साक्षीदार आले. कोणी चर्चच्या खिडकीतली काच पुरावा म्हणून सांगितली, कोणी थडग्यावरची ढाल, आणि सर जॉन सली नावाच्या म्हाताऱ्या सरदाराने तर स्वतःचं वय १०५ सांगितलं!

१३८६ च्या ऑक्टोबरमध्ये साक्षीला आला कवी जेफ्री चॉसर. वय सांगितलं चाळीस आणि वर. म्हणाला, फ्रान्सच्या लढाईत मी सर रिचर्डला ह्याच ढालीने पाहिलं, आणि सर हेन्री स्क्रोपलाही पाहिलं, पण त्याच्या ढालीवर वर एक पांढरी जादा खूण होती. हा हेन्री रिचर्डचा चुलतभाऊ, मॅशमच्या शाखेचा, म्हणजे बघा, एका पांढऱ्या खुणेत शाखा कळते! मग चॉसरला विचारलं, ग्रोव्हनरबद्दल काय ऐकलंय? तर तो म्हणाला, मी एकदा लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून चाललो होतो, एका घराबाहेर ही ढाल टांगलेली दिसली, मी विचारलं स्क्रोपची ढाल बाहेर लावलेली ही खानावळ कोणती, तर एकजण म्हणाला, साहेब, ही स्क्रोपची नाही, चेशायरच्या रॉबर्ट ग्रोव्हनर नावाच्या सरदाराची आहे, आणि ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला ही साक्ष फार फार आवडते. रस्त्याने चालताना सहज विचारलेला एक प्रश्न, आणि तो कोर्टाच्या कागदात राहिला म्हणून आज आपल्यापर्यंत आला.

१३८९ ला निकाल स्क्रोपच्या बाजूने. ग्रोव्हनरला सांगितलं, हवं तर ढालीला पांढरी किनार लाव आणि वापर. त्याने राजाकडे अपील केलं, तर राजाने १३९० मध्ये किनारवाली ढालसुद्धा नाकारली, म्हणाला असली ढाल जवळच्या नातेवाइकाला शोभते, परक्याला नाही. मग ग्रोव्हनरने घेतली निळ्यावर गव्हाची सोनेरी पेंढी, ती चेस्टरच्या अर्लांची, म्हणजे तिथल्या बड्या उमरावांची जुनी खूण. ग्रोव्हनर घराणं म्हणजे आजचे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर, आणि त्यांच्या ढालीवर अजूनही ती पेंढी आहे. हरलेल्या पट्ट्याला ते विसरले नाहीत मात्र. पहिल्या ड्यूकचा घोडा १८८० ची डर्बी ही घोड्यांची मोठी शर्यत जिंकला, त्याचं नाव होतं बेंड ऑर. बेंड ऑर म्हणजे सोनेरी तिरपा पट्टा.