हिवाळी पतंगाचं झाड

नोव्हेंबरची रात्र. ऑक्सफर्डजवळचं विटम वुड्स. ओकची पानं जवळपास गळून गेली आहेत आणि टॉर्चच्या उजेडात खोडावरून काहीतरी वर चढतंय. कोळी वाटेल, पण पाय मोजा. सहाच. ही हिवाळी पतंगाची मादी. पंखांच्या जागी नुसती खुंटं, पोट अंड्यांनी टच्च. उडता येत नाही, म्हणून मातीतल्या कोशातून निघाली की जवळचं खोड गाठायचं. फिकट तपकिरी नर तिला तिथंच शोधत येतात.

सालीच्या भेगांत, दगडफुलाच्या आडोशाला ती शे-दीडशे अंडी घालते. आधी हिरवट, मग नारिंगी. वसंतात ती निळसर काळी पडली, की अळी बाहेर येणार.

हिरवी, फिकट रेघांची ही अळी आपल्या सोयाबीनवरच्या उंटअळीसारखी कमान करत चालते. खायला तिला ओक चालतो, सफरचंद, हॉथॉर्न, भूर्ज चालतो, स्कॉटलंडच्या माळांवर हेदरचं झुडूपसुद्धा. अडतं ते वेळेपाशी. कळी घट्ट मिटलेली असली तर आत शिरता येत नाही आणि उपाशी अळी काही दिवसच तग धरते. मग रेशमाचा धागा सोडून ती वाऱ्यावर दुसरं झाड शोधते. उशिरा आली तर पान जून झालेलं असतं, टॅनिन हा तुरट पदार्थ वाढलेलं, आणि त्यावर अळी नीट पोसत नाही. नेदरलँड्समध्ये वसंत लवकर तापू लागला, तशी अंडी कळ्या उमलायच्या आधीच उबू लागली.

मेअखेरीस अळ्या धाग्यावरून खाली उतरून मातीत कोश करतात. व्हार्ली आणि ग्रॅडवेल या कीटकशास्त्रज्ञांनी 1950 पासून याच विटमच्या जंगलात ओकखाली सापळे लावून वर्षानुवर्षं मोजणी केली. कोश जास्त झाले की मातीतले भुंगेरे आणि चिचुंद्र्या त्यातला मोठा वाटा फस्त करतात. म्हणून या पतंगाचं घर बघायचं, तर झाडाखालचा पाचोळाही तितकाच बघावा लागतो.

सफरचंदाच्या बागेत मादीची चढण रोखायला खोडाला चिकट पट्टी बांधतात. ती ऑक्टोबरमध्येच बांधलेली बरी, माद्या निघाल्यावर उपयोग नाही. खडबडीत सालीवर पट्टीखाली फट राहिली, तर मादी तिथूनच वर सरकते. गळलेली पानं चिकटली तर त्यांचाच पूल होतो, ती वरचेवर काढावी लागतात. झाडाला आधाराचा खांब असेल तर त्यालाही पट्टी हवी. आणि कुंपणाच्या हॉथॉर्नवरून वाऱ्यावर येणारी अळी मात्र कुठल्याच पट्टीला सापडत नाही.