अर्धा कोयता

मंडळी, पत्रिकेत विषय मोठा छापलाय: आधुनिक अर्थव्यवस्था, माणूस आणि निसर्ग. मी त्यात एका शब्दावरून शिरणार आहे. कोयता. तुमच्या-माझ्या घरात ते एक हत्यार आहे. बीडमध्ये कारखान्यांना ऊसतोड मजूर पुरवणारा ठेकेदार म्हणजे मुकादम. त्याच्या वहीत मात्र कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ‘यंदा वीस कोयते भरले’ असं तो सांगतो, तेव्हा चाळीस माणसं असतात. एकटा गडी किंवा एकटी बाई आली, तर तो अर्धा कोयता.

दसरा-दिवाळी उरकली की आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीची गावं रिकामी होतात. म्हातारी माणसं तेवढी मागं राहतात. बाकीचे ट्रॅक्टरमध्ये पाणी तापवायचं पातेलं, पत्रा, कोंबड्या आणि लहान पोरं घालून साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. निघण्याआधी जोडीनं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. त्या पैशांत मुलीचं लग्न झालेलं असतं, घराचं छप्पर झालेलं असतं, नाहीतर जुनं देणं फिटलेलं असतं. आता ते ऊस तोडून फेडायचं. हंगाम संपेपर्यंत नाही फिटलं, तर बाकी पुढच्या सालावर जाते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या एका फडावर मी जानेवारीत पहाटे गेलो होतो. ट्रक भरायचं काम चाललं होतं. ट्रकला एक अरुंद फळी लावलेली, थंडीनं आणि दवानं ओली. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून वर जायची, मोळी टाकायची, खाली यायची, की परत वर. वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, ढिगाऱ्यावर तिचं पोर गोधडीत झोपलेलं. मी विचारलं, ताई, बरं नसलं तर काय करता? ती थांबली नाही. फळी चढता चढताच म्हणाली, ‘खाडा पडतो.’

खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंड कापतात, आणि तोही जोडीचा. तळावरच्या कोपीला, म्हणजे मजुरांच्या झोपडीला, न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. अशा ठिकाणी पाळीचे चार दिवस कसे काढायचे? अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून बाई दवाखान्यात जाते. तिथं तिला सांगतात, पिशवी काढून टाका, पुढं कॅन्सर होईल. २०१९ मध्ये याचा बोभाटा झाला आणि सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागं एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बीडच्या या बायकांमधल्या कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या.

आता याचा हिशेब अर्थव्यवस्था कसा मांडते ते बघा. ऑपरेशनचं बिल देशाच्या उत्पन्नात जमा होतं. तिनं उरल्यासुरल्या ताकदीनं तोडलेल्या उसाची साखर जमा होते. तिच्या देहातून जे गेलं, ते कुठल्याच रकान्यात वजा होत नाही. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकेच्या काँग्रेसपुढं राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी ठेवली, तेव्हाच बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं भलं झालं की नाही हे ठरवू नका. आकडा जगभर रुजला, इशारा मागं राहिला.

पाण्याचंही तसंच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. एक हेक्टर उसाला वर्षात दोन मीटर उंचीचं पाणी लागतं असं धरलं, तर ते होतं दोन कोटी लिटर. मराठवाड्यात पाऊस पडतो सातशे मिलिमीटरच्या आसपास. तो सगळाच्या सगळा उसाच्या मुळाशी गेला असं मानलं, तरी उरलेल्या पाण्यासाठी एका हेक्टरला तसल्या सव्वीस गाड्या लागतात. हे पाणी धरणातून येतं आणि बोअरमधून येतं. शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर त्यामुळं आटली, तर तिचा खर्च साखरेच्या किमतीत धरलेला नसतो.

यात ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची खात्री कुणी देत नाही. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान भाव, कायद्यानं बांधलेली आहे आणि ऊस न्यायला कारखाना आहे. मीही शेतकरी असतो, तर ऊसच लावला असता. कारखानदार म्हणतो, गाळप पुरं झालं नाही तर बँकेचं व्याज कसं भरू? मुकादम म्हणतो, उचल माझ्या नावावर आहे, कोयता पळाला तर मी मेलो. ज्याचं त्याचं गणित बरोबर आहे. चुकतं ते एवढंच, की प्रत्येक जण आपला तोटा खालच्यावर ढकलू शकतो, आणि सगळ्यांत खाली ती बाई आणि ती विहीर आहे. त्यांना ढकलायला खाली कुणी नाही.

सहकारी साखर कारखान्यांची सुरुवात अशी नव्हती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये लोणीला कारखाना उभा केला, तो सावकाराच्या आणि खासगी कारखानदारांच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून. ते काम मोठंच होतं, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण सभासद झाला तो उसाचा मालक. ज्याच्या कोयत्याशिवाय ऊस फडातून हलत नाही, तो सभासद झाला नाही. कारखान्याच्या दप्तरात तो कामगार म्हणूनसुद्धा नाही, कारण करार मुकादमाशी असतो.

२०२४-२५ च्या हंगामात सव्वादहा टक्के उताऱ्याच्या, म्हणजे शंभर किलोमागं सव्वादहा किलो साखर देणाऱ्या, उसाला एफआरपी टनाला ३४०० रुपये होती. तोडणीचा दर, ३४ टक्के वाढ मिळाल्यानंतरचा, टनाला ३६६ रुपये. जोडीनं पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून अडीच टन तोडला, तर दोघांचे मिळून नऊशे-सव्वानऊशे. कुणी म्हणेल, आता हार्वेस्टर आलाय, प्रश्न मिटेल. हार्वेस्टर ऊस तोडेल. पण आष्टी-पाटोद्याच्या जिराईत रानात त्या जोडीला कुठलं काम मिळणार, हे त्यातून ठरत नाही.

साखर महाग झाली तरी चालेल, असं मी इथं सरळ म्हणतो. किलोमागं चार रुपये वाढले आणि त्यातून तळावर पाणी, संडास आले, पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांचा खाडा बंद झाला, तर ते चार रुपये आपण द्यायला हवेत. आणि एक गोष्ट तर पैसा न खर्चता याच हंगामापासून करता येईल. मुकादमाच्या वहीत आज नाव असतं फक्त नवऱ्याचं. उचल त्याच्या हातात पडते, हिशेबाला बोलावतात तेही त्यालाच. त्या ओळीत दोन नावं लिहा आणि पैसे दोघांच्या खात्यांवर निम्मे-निम्मे टाका. त्या पहाटे निघताना मी त्या ताईंना विचारलं होतं, तुम्ही किती टन तोडलात आतापर्यंत? त्या म्हणाल्या, ‘मालकांना विचारा, त्यांच्या नावावर आहे.’