पापांची क्षमा: एक अवघड ओळ

नमस्कार श्रोतेहो.

मी ख्रिस्ती आहे हे कळलं, थोडी ओळख वाढली, की माणसं हमखास एक प्रश्न विचारतात. 'येशू मेलेल्यांतून उठला, हे तुम्हाला खरंच पटतं?' प्रश्न रास्त आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असं खुद्द प्रेषित पौलानंच करिंथ इथल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं होतं. मी म्हणते, हो, पटतं. का पटतं, यावर बोलायलाही माझी तयारी असते. पण आजवर मला कुणीही असं विचारलेलं नाही, की 'पापांची क्षमा होते, यावर तुमचा विश्वास आहे का?' हे कुणी विचारलं, तर मात्र माझी पंचाईत होईल.

प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे आम्ही काय मानतो ते सांगणाऱ्या ठरलेल्या शब्दांत, या दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. आधी पापांची क्षमा, लगेच देहाचं पुनरुत्थान. उपासनेत सगळ्यांबरोबर म्हणताना क्षमेवरून आपण सहज पुढे सरकतो. त्यात अडण्यासारखं काय आहे, असंच वाटत असतं. सन 325 मध्ये नायसिया इथं भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं जो विश्वासांगीकार ठरवला, त्यात तर क्षमेची ओळ नव्हतीच. शेवटी होतं ते शापवचन, वेगळं मत मांडणाऱ्यांसाठी. पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा, हे शब्द आज आपण म्हणतो, ते सन 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या मजकुरातले आहेत. येशू खरोखर देव आहे का, यावरचं धर्मपंडितांचं त्या काळातलं भांडण पाहता, ही ओळ आली हेच नवल म्हणायचं.

मला ही ओळ जड जाते याचं कारण मत्तयाच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय. येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, माझ्या भावानं माझा अपराध केला तर त्याला किती वेळा क्षमा करू? सात वेळा? सात म्हणताना आपण भलतेच उदार झालो असं त्याला वाटत असणार. येशू म्हणतो, सातदा नाही, साताच्या सत्तर वेळा. आणि मग तो एक गोष्ट सांगतो. एका दासाकडे राजाचं दहा हजार तलांत येणं होतं. राजा ते सगळं माफ करतो. तो दास बाहेर पडतो, शंभर दीनार देणं असलेला सोबती त्याला भेटतो, आणि हा त्याची मानगूट धरतो.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण म्हणतात, बघा, केवढं मोठं कर्ज माफ झालं आणि केवढ्याशा रकमेसाठी यानं गळा धरला! इथं मला थोडं थांबायचं आहे. दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. तलांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे राजाचं देणं झालं सहा कोटी दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता राबलं तरी दीड लाख वर्षांहून जास्त. हा आकडा फेडण्यासाठी नाहीच, ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं म्हणून आहे. पण शंभर दीनार? तीन महिन्यांहून जास्त मजुरी. ती किरकोळ रक्कम नव्हे. हातावर पोट असलेल्या घरात तेवढ्या पैशात चूल पेटते किंवा विझते. येशूनं एक दीनार म्हटलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. त्यानं शंभर म्हटलं. तुझं नुकसान खरं आहे, हे त्या आकड्यात मान्य केलेलं आहे.

माझेही असे शंभर दीनार एका माणसाकडे अडकलेले आहेत. पैसे म्हणाल तर पैसेही होते, पण खरं दुखणं वेगळं. विश्वासानं सांगितलेली एक गोष्ट त्यांनी चारचौघांत नेली आणि वर मलाच खोटं पाडलं. तपशील सांगत नाही, त्यांना ओळखणारे लोक हे ऐकत असतील. वर्षं लोटली. आवाज ऐकला तरी माझ्या मनात वही उघडते आणि खालचा एकूण आकडा मला तोंडपाठ असतो.

त्या दासाच्या गोष्टीत एक बारकावा आहे. राजापुढे पाया पडून तो काय मागतो? क्षमा नाही. तो मुदत मागतो. 'मला वागवून घ्या, म्हणजे मी सर्व फेडीन.' दीड लाख वर्षांचं कर्ज, आणि हा म्हणतो फेडीन! राजानं न मागितलेली गोष्ट त्याच्या पदरात टाकली, पण मला वाटतं, ती त्याला कळलीच नाही. तो दरबारातून बाहेर पडला तो कर्जदार म्हणूनच, मिळालेल्या मुदतीत पैसे कुठून गोळा करायचे याचा विचार करत. म्हणून त्यानं पहिला दिसला त्याची मानगूट धरली. आपल्याला माफी मिळाली यावर त्याचा विश्वासच बसला नव्हता. मी जेव्हा म्हणते की ही ओळ मला अवघड जाते, तेव्हा मला नेमकं हेच म्हणायचं असतं. दुसऱ्याला क्षमा करणं ही पुढची गोष्ट. स्वतःचं खातं कोरं झालंय, हेच मनाला पटत नाही. रोजचा चांगुलपणा हप्ता भरल्यासारखा चाललेला असतो.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. क्षमेवरचे काही उपदेश ऐकताना माझं डोकं फिरतं. घरात मार खाणाऱ्या बाईला, फसवल्या गेलेल्या माणसाला 'क्षमा कर, विसरून जा' असं व्यासपीठावरून सांगणं फार स्वस्त आहे. त्याच अठराव्या अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या आधी, येशूनं काय सांगितलंय ते हे लोक वाचत नाहीत का? तुझ्या भावानं अपराध केला तर एकांतात त्याच्याकडे जा आणि अपराध त्याच्या पदरात घाल. ऐकलं नाही तर एकदोघांना साक्षीला ने. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. म्हणजे अपराधाला आधी अपराध म्हणायचं. झाकपाक करून दिलेल्या क्षमेला तिथं जागा नाही.

मग ज्याला क्षमा करणं जमत नाही त्यानं काय करायचं? मला आधार वाटतो तो वधस्तंभावरच्या एका प्रार्थनेचा. 'हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.' लूकच्या शुभवर्तमानातलं हे वाक्य काही फार जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, त्यामुळे अभ्यासकांत त्यावर वाद आहे. तो असू दे. मला त्यात दिसतं ते असं: खिळे ठोकणाऱ्यांकडे वळून 'मी तुम्हाला क्षमा केली' असं येशू म्हणत नाही. तो ते पित्यावर सोपवतो. यातून काही मोठा सिद्धांत मला मांडायचा नाही. पण तेवढं तर मलाही करता येतं.

म्हणून प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथं आले, की मी मनात त्या माणसाचं नाव घेते. मी ऋण सोडलंय असा दावा करत नाही, नुसतं नाव घेते. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू एकाच मागणीकडे पुन्हा वळतो, ती हीच. रोजच्या भाकरीविषयी तो लगेच काही बोलत नाही, मोहाविषयी नाही. त्यालाही ठाऊक असावं, आपली गाडी कुठं अडणार ते.

नाव घेऊन घेऊन एक फरक पडलाय. वही अजून उघडते, पण एकूण आकडा पूर्वीसारखा चटकन आठवत नाही. त्या माणसाच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि मला बोलावणं आलंय. जायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये.