सिनेमात रडू नेमकं कुठे येतं

मित्रहो, या व्याख्यानमालेत मला बोलवायला आलेल्या मंडळींनी विचारलं होतं, "सर, विषय काय लावायचा?" मी म्हटलं, सिनेमा लावा. पण समीक्षक म्हणून मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. सिनेमा बघताना मला जे झालं, तेवढंच सांगणार आहे.

2004 साली 'श्वास' आला. संदीप सावंत यांचा. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं ते याच सिनेमाला. तो ऑस्करला निघाला तेव्हा लोकांनी वर्गणी काढून पैसे उभे केले होते. कोकणातला एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात येतो. पोराच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. अरुण नलावडे आजोबा झालेत आणि अश्विन चितळे हा छोटा मुलगा परशुराम.

मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन गेलो होतो. आजूबाजूचे सगळे रडले ते आजोबा नातवाला जग दाखवायला बाहेर घेऊन जातात तिथे. माझे डोळे मात्र त्याच्या बऱ्याच आधी भरून आले. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनच्या आधी मुलाला सांगायला हवं. आणि आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. बस, तिथेच. मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. शेजारी पाहिलं तर अण्णा गुडघ्यावरचं धोतर मुठीत धरून बसलेले.

कारण आमच्या घरी आम्ही सांगितलंच नव्हतं.

1991 साली आईला पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं आणि व्हरांड्यातच आमचं ठरलं की तिला कळू द्यायचं नाही. तिला म्हणालो, अल्सर आहे, पथ्य पाळ, बरी होशील. पाच महिने आमच्या घरात सगळे खोटं हसत होते. कोणी भेटायला आलं की मी अंगणातच गाठून बजावायचो, "आत काही बोलू नका." आई गेली तोवर आम्ही एकदाही तिच्याशी खरं बोललो नाही. लोक म्हणायचे, बरं केलंत, सुखात गेली. मीही तेच धरून बसलो होतो, तेरा वर्षं.

सिनेमा सुटल्यावर आम्ही एसटी स्टँडकडे चालत निघालो. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग रसवंतीपाशी थांबले आणि म्हणाले, "तिला ठाऊक होतं रे."

मी गप्प.

"त्या वर्षीचं लोणचं आठवतंय? तिने हात लावला नाही. खाटेवर बसून ताईकडून घालून घेतलं. कैरी केवढी चिरायची, मोहरी किती फेसायची, दादरा कसा ताणून बांधायचा. सगळं ताईच्या हातून. तिला शिकवून जायचं होतं."

ते लोणचं मी वर्षभर खाल्लं होतं, मित्रहो. आणि मला कळलं नव्हतं. तिला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि दोन्हीकडून एकमेकांना सांभाळण्याच्या नादात ती एकटी पडली. हे मला तेरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, अण्णांनीही नाही. पडद्यावरचा कुणी परका आजोबा ओठ दाबून बसला, तेव्हा ते आमच्या घरातून बाहेर आलं. लोक म्हणतात, सिनेमा म्हणजे अडीच तासांचा विसर. मला हे पटत नाही. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

आता दुसरं सांगतो. हे सांगायला मला जड जातं.

2014 च्या फेब्रुवारीत 'फँड्री' लागला. नागराज मंजुळे यांचा. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. त्यातला जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. त्याचं कुटुंब गावातली डुकरं धरायला धावतंय, गावातले बघे हसतायत, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे, आणि डुक्कर निघून जातं. थिएटरात हशा पिकला. मीही हसलो. पुढे डुक्कर बांबूला टांगून नेताना मागे शाळेची भिंत दिसते, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. तोवर माझं हसू आटलं होतं.

'श्वास'मध्ये मी आजोबांच्या बाजूला होतो. इथे मी स्वतःला शोधत होतो, आणि सापडलो ते बघ्यांच्या घोळक्यात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. पहाटे बापाबरोबर कामाला जाऊन तो शाळेत यायचा, उशिरा, तसाच. एकदा मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "आधी आंघोळ करून ये, मग बस." वर्ग हसला. तो दप्तर घेऊन गेला आणि दोन दिवस आला नाही. मी त्याला कधी विचारलंही नाही, का आला नाहीस म्हणून. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. त्या अंधारात मला त्या पोराची मान खाली घातलेली पाठ दिसली. त्याचा पत्ता मी नंतर शोधला. गाव सोडून गेले होते ते लोक.

गेल्या वर्षी आमचे दाजी आजारी पडले. आईने जिच्याकडून लोणचं घालून घेतलं होतं, त्या ताईचे यजमान. रिपोर्ट आले. भाच्यांनी मला इस्पितळाच्या जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "मामा, दादांना काही सांगायचं नाही हं." शब्द न् शब्द तोच. मी काही बोलायच्या आत ताई मागून आली. म्हणाली, "सांगायचं. आणि सगळ्यांनी समोर बसायचं."

डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही सगळे खाटेभोवती होतो, ताईने त्यांचा हात धरला होता. दाजी छताकडे बघत राहिले. मग थोरल्याला म्हणाले, "विहिरीच्या मोटारीचं बिल भरायचं राहिलंय, ते उद्या भर. आणि वही आण, कुणाचं किती देणं आहे ते लिहून घे."

तो वही आणायला गेला. आम्ही रात्री उशिरापर्यंत तिथेच बसलो होतो.